दीर्घ क्यूटी लक्षणसमूह : निदान व फलानुमान यांचा इतिहास

हृदयाच्या निलयांच्या (खालच्या दोन कप्प्यांच्या) स्नायूंचे प्रत्येक ठोक्यानंतर होणारे विद्युत् पुनर्ध्रुवीकरण नेहमीपेक्षा विलंबाने पुरे होणे आणि त्यामुळे हृदयाचा ताल अकस्मात बिघडून मूर्च्छा किंवा मृत्यू ओढवणे, हे ज्या आनुवंशिक विकाराचे प्रमुख स्वरूप आहे, त्यास ‘दीर्घ क्यूटी लक्षणसमूह’ म्हणतात. या विकारात हृदयाची रचना सर्वस्वी प्राकृत असते. झडपा, स्नायू व हृद् रोहिण्या निर्दोष असतात आणि मृत्यूनंतर केलेल्या शवपरीक्षेत मृत्यूचे कारण सापडत नाही. इटलीमध्ये ४४,५९६ नवजात अर्भकांची तपासणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे दोन हजार अर्भकांमागे एकास हा विकार असतो. विकार न ओळखल्यास पहिले लक्षण हेच शेवटचे ठरू शकते. ओळखल्यास मात्र बहुसंख्य रोगी योग्य उपचारांखाली जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात. निदान आणि फलानुमान (रोगाची पुढील वाटचाल व शेवट यांविषयीचा अंदाज) यांच्यात एवढे मोठे अंतर पाडणारे विकार वैद्यकात थोडेच आहेत.

या विकाराच्या निदानाची साधने गेल्या दीडशे वर्षांत तीन टप्प्यांनी बदलत गेली. प्रथम केवळ कुटुंबाची आठवण, नंतर विद्युत् हृल्लेख (हृदयातील विद्युत् घडामोडींचा आलेख) आणि शेवटी जीन (आनुवंशिक लक्षणांचे एकक). मात्र नव्या साधनाने जुने साधन निरुपयोगी ठरविले असे झाले नाही. ही गोष्ट पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

क्यूटी कालावधी : विद्युत् हृल्लेखावर प्रत्येक ठोक्याबरोबर पी, क्यू, आर, एस व टी अशी नावे दिलेले तरंग उमटतात. क्यूआरएस संकुल हे निलयांच्या विध्रुवीकरणाचे आणि टी तरंग हा पुनर्ध्रुवीकरणाचा निदर्शक होय. क्यू तरंगाच्या आरंभापासून टी तरंगाच्या शेवटापर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी कालावधी. सोडियम आयन (विद्युत् भारित अणू) हृद्‌स्नायूच्या कोशिकेत (पेशीत) वेगाने शिरल्यामुळे विध्रुवीकरण होते आणि पोटॅशियम आयन बाहेर पडल्यामुळे कोशिका पुन्हा पूर्वस्थितीला येते. आयनांच्या या ये-जा करण्यासाठी कोशिका-पटलात प्रथिनांचे बनलेले मार्ग असतात. पोटॅशियमचा मार्ग पुरेसा उघडला नाही किंवा सोडियमचा मार्ग वेळेवर पूर्ण बंद झाला नाही, तर पुनर्ध्रुवीकरण लांबते व क्यूटी कालावधी वाढतो. या लांबलेल्या अवधीत अवेळी उद्‌भवलेला एखादा विद्युत् आवेग निलयांत अतिजलद व अनियमित तालाचे चक्र सुरू करू शकतो. अशा वेळी हृदयाचे आकुंचन निष्फळ होते, मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि रोगी काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

प्रारंभीच्या नोंदी : विद्युत् हृल्लेखाचा शोध लागण्यापूर्वी या विकाराचे अस्तित्व केवळ कुटुंबातील घटनांवरूनच जाणवणे शक्य होते. जर्मन वैद्य फ्रीड्रिख लूटव्हिख माइसनर यांनी मूकबधिरत्वावरील आपल्या १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लाइपसिक येथील एका मूकबधिर मुलीची हकीकत दिली आहे. किरकोळ गैरवर्तनाबद्दल शाळेत सर्वांसमक्ष जाब विचारला जात असताना ती जागच्या जागी कोसळून मरण पावली. ही वार्ता आईवडिलांना कळविली तेव्हा त्यांना तिचे फारसे आश्चर्य वाटले नाही. कारण त्यांची आणखी दोन मुले अशाच प्रकारे, एक भीतीने दचकल्यावर व दुसरे संतापाच्या भरात, दगावली होती. जन्मजात बधिरता, भावनिक क्षोभ, आकस्मिक मृत्यू आणि भावंडांतील पुनरावृत्ती ही आजही निदानात मोजली जाणारी चारही लक्षणे या हकीकतीत एकत्र आढळतात. तथापि त्यांना जोडणारा दुवा हृदयात आहे, हे दाखविण्याचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे ही नोंद शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

विद्युत् हृल्लेख व कालावधीचे मापन : डच शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तार-गॅल्व्हानोमापकाच्या साहाय्याने मानवी हृदयाचे अचूक विद्युत् आलेख मिळविले. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. क्यूटी कालावधी मोजता येऊ लागला, तरी त्याचा अर्थ लावण्यात एक अडचण होती. हृदयाची गती वाढली की हा कालावधी स्वभावतःच कमी होतो व गती मंदावली की वाढतो. यासाठी एच. सी. बॅझेट आणि डेन्मार्कमधील लुई सिगुर्ड फ्रिडेरिसिया यांनी १९२० मध्ये स्वतंत्रपणे गतिनिरपेक्ष (शोधित) क्यूटी काढण्याची सूत्रे सुचविली. बॅझेट यांच्या विवेचनानुसार प्रत्यक्ष क्यूटीला दोन ठोक्यांमधील अंतराच्या (सेकंदांतील) वर्गमुळाने, तर फ्रिडेरिसिया यांच्या सूत्रानुसार घनमुळाने भागावयाचे असते.

दोन्ही सूत्रांतील फरक केवळ गणिती नाही. समजा, एखाद्या व्यक्तीचा क्यूटी कालावधी ३६० मिलिसेकंद आहे. नाडी मिनिटास ६० असेल तर दोन ठोक्यांतील अंतर एक सेकंद येते व दोन्ही सूत्रांनी शोधित क्यूटी ३६० मिलिसेकंदच राहतो. नाडी १०० असेल तर अंतर ०·६ सेकंद होते. बॅझेट सूत्राने उत्तर सुमारे ४६५ मिलिसेकंद, तर फ्रिडेरिसिया सूत्राने सुमारे ४२७ मिलिसेकंद येते. पुरुषांत ४५० व स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंतचा शोधित क्यूटी सामान्यतः प्राकृत मानतात. म्हणजेच एकच आलेख एका सूत्राने सदोष व दुसऱ्याने निर्दोष ठरतो. जलद नाडीत बॅझेट सूत्र वाजवीपेक्षा मोठे व मंद नाडीत वाजवीपेक्षा लहान उत्तर देते, हे माहीत असूनही हेच सूत्र सर्वाधिक रूढ आहे. कारण फलानुमानाचे बहुतेक सर्व अभ्यास त्यावर आधारलेले आहेत.

लक्षणसमूहाची ओळख : नॉर्वेतील अँटोन येर्व्हेल व फ्रेड लांगे-नील्सेन यांनी १९५७ मध्ये एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. आईवडील निरोगी होते व त्यांना ऐकू येत होते. सहा मुलांपैकी चार जन्मतः बधिर असून त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे. त्यांपैकी तीन मुले अनुक्रमे चार, पाच व नऊ वर्षे वयाची असताना अकस्मात मरण पावली. बधिर मुलांच्या विद्युत् हृल्लेखांत क्यूटी कालावधी ठळकपणे लांबलेला आढळला. माइसनर यांच्या हकीकतीतील गहाळ दुवा अशा रीतीने हाती आला. पुढील वर्षी सॅम्युएल लिव्हाइन व वुडवर्थ यांनी अमेरिकेतील एका बधिर मुलाचे असेच उदाहरण नोंदविले. त्यानंतर फ्रेझर, फ्रॉगॅट व जेम्स यांनी १९६४ मध्ये इंग्लंड, वेल्स व आयर्लंडमधील बधिर मुलांच्या पाहणीवरून हा प्रकार अप्रभावी पद्धतीने संक्रमित होतो, असे दाखविले व त्याचे प्रमाण दहा लाख मुलांत १·६ ते ६ असल्याचा अंदाज केला.

इटलीतील जेनोव्हा येथे चेझारीनो रोमानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आणि डब्लिन येथे ओवेन कॉनर वॉर्ड यांनी १९६४ मध्ये, एकमेकांचे कार्य ठाऊक नसताना, याच प्रकारच्या मूर्च्छा व दीर्घ क्यूटी असलेल्या. परंतु श्रवणशक्ती उत्तम असलेल्या मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. रोमानो-वॉर्ड लक्षणसमूह या नावाने ओळखला जाणारा हा प्रकारच बहुसंख्य रोग्यांत आढळतो. तो प्रभावी पद्धतीने संक्रमित होतो. म्हणजे माता किंवा पिता यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. याउलट येर्व्हेल-लांगे-नील्सेन प्रकारात दोन्ही पालकांकडून सदोष जीन यावा लागतो व तसे पालक असल्यास प्रत्येक अपत्यात ही शक्यता एकचतुर्थांश असते. रक्ताच्या नात्यात विवाह होत असलेल्या समाजांत हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. महाराष्ट्रातील काही समाजांत मामेबहिणीशी विवाहाची चाल असल्यामुळे येथेही जन्मतः बधिर मुलास मूर्च्छा येत असल्यास या विकाराची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

मूर्च्छेची कारणमीमांसा : मूर्च्छा येऊन काही रोगी आपोआप शुद्धीवर येतात आणि काही मात्र दगावतात, असे का व्हावे, याचे उत्तर फ्रेंच हृद्‌रोगतज्ज्ञ फ्रांस्वा देसेर्तेन यांच्या १९६६ मधील निरीक्षणातून मिळाले. एका वृद्ध रुग्णाईतेच्या विद्युत् हृल्लेखावर त्यांना निलयांचा असा अतिजलद ताल दिसला की, ज्यात तरंगांची टोके आधाररेषेभोवती पिळल्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी त्यास ‘तोर्साद द प्वांत’ म्हणजे टोकांची पिळवटणी असे नाव दिले. त्यांची रुग्णाईत आनुवंशिक विकाराची नव्हती. परंतु दीर्घ क्यूटी असलेल्या सर्वच रोग्यांत असाच ताल निर्माण होतो, हे पुढे स्पष्ट झाले. हा ताल बहुधा स्वतःहून थांबतो व रोगी शुद्धीवर येतो. न थांबल्यास त्याचे रूपांतर निलय-तंतुकंपनात (निलयाच्या स्नायुतंतूंच्या विसंगत थरथरीत) होते व तातडीने विद्युत् आघात न दिल्यास मृत्यू येतो. क्षणिक मूर्च्छा व आकस्मिक मृत्यू या वेगळ्या घटना नसून एकाच घटनेचे दोन शेवट आहेत, ही जाणीव फलानुमानाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

अपस्माराशी गल्लत : मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबल्यास हातापायांना झटके येऊ शकतात. यामुळे या विकाराचे निदान अपस्मार (फेफरे) असे होऊन मुलांना वर्षानुवर्षे त्यावरील औषधे दिली गेल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. प्रत्येक चुकीच्या निदानाबरोबर योग्य उपचाराची संधी हुकत असल्यामुळे भेददर्शक लक्षणे लक्षात घेणे आवश्यक आहे. दीर्घ क्यूटी विकारातील झटका धावताना, पोहताना, दचकल्यावर किंवा रागाच्या भरात येतो. पूर्वसूचना नसते, रोगी पांढराफटक पडतो, नाडी लागत नाही आणि ताल पूर्ववत होताच तो लवकर व पूर्णपणे भानावर येतो. अपस्माराच्या मोठ्या झटक्यानंतर मात्र ग्लानी व गोंधळलेली अवस्था बराच वेळ टिकते. पहिल्या झटक्यानंतर प्रत्येक मुलाचा विद्युत् हृल्लेख काढणे हा यावरचा साधा व स्वस्त उपाय होय. [⟶ अपस्मार].

उपचार व फलानुमानातील पालट : परिश्रम व क्षोभ यांमुळे झटका येतो, यावरून अनुकंपी तंत्रिका तंत्राचा (शरीरास धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागाचा) यात वाटा असावा, असे अनुमान निघाले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील आर्थर मॉस व मॅकडोनाल्ड यांनी १९७१ मध्ये एका रोग्याच्या मानेच्या डाव्या बाजूच्या अनुकंपी गुच्छिका शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर झटके थांबल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. इटलीतील पीटर श्वार्त्झ व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तोवरच्या नोंदींचा सविस्तर आढावा घेऊन बीटा-रोधक औषधांची (अनुकंपी तंत्रिकांचा हृदयावरील परिणाम रोखणाऱ्या औषधांची) उपयुक्तता पुढे मांडली. या वर्गातील प्रोप्रॅनोलॉल हे औषध ब्रिटिश औषधिक्रियावैज्ञानिक जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकात विकसित केले होते. ते हृद्‌शूलासाठी वापरात होते व स्वस्तही होते.

उपचारांचा परिणाम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३३ रोग्यांच्या विश्लेषणात आकड्यांनी स्पष्ट झाला. हे सर्व रोगी मूर्च्छा किंवा तत्सम लक्षणे असलेले होते. पहिल्या मूर्च्छेनंतर तीन वर्षांत अनुकंपी-विरोधी उपचार घेणाऱ्यांपैकी ६ टक्के, तर अन्य उपचार घेणारे वा काहीच उपचार न घेणारे यांपैकी २६ टक्के रोगी मरण पावले. पंधरा वर्षांच्या अखेरीस हे प्रमाण अनुक्रमे ९ टक्के व निम्म्याहून अधिक असे होते. ज्या विकाराचे नाव १९५७ मध्ये बालमृत्यूशी जोडले गेले होते, त्याचे फलानुमान एका साध्या गोळीने पालटले.

मात्र या आकड्यांचा अर्थ लावताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. प्रारंभीच्या वृत्तांतांत तेच रोगी नोंदले गेले, ज्यांचा विकार ठळक व उग्र होता. सौम्य विकाराचे लोक वैद्यांपर्यंत पोहोचतच नव्हते. त्यामुळे रोग वास्तविकापेक्षा अधिक मारक भासला. ही उणीव दूर करण्यासाठी मॉस, श्वार्त्झ व रिचर्ड क्रॅम्प्टन यांनी १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तीत प्रथम आढळलेल्या रोग्याबरोबरच त्याच्या सर्व नातेवाइकांचीही नोंद करून वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२८ कुटुंबांच्या अभ्यासात, ज्याच्यामुळे कुटुंब उजेडात आले त्या रोग्यापेक्षा त्याच्या विकारग्रस्त नातेवाइकांत झटक्यांचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले. फलानुमान सुधारण्यामागे उपचार व सौम्य रोग्यांचा समावेश अशी दोन कारणे आहेत आणि दोहोंचा हिशेब वेगळा ठेवणे आवश्यक आहे.

निदानाचे गुणांकन : क्यूटी कालावधी या एकाच मापावर निदान विसंबू नये, यासाठी श्वार्त्झ यांनी १९८५ मध्ये निकष सुचविले व १९९३ मध्ये मॉस, व्हिन्सेंट व क्रॅम्प्टन यांच्यासह त्यांना गुणांचे स्वरूप दिले. त्यांत पुढे सुधारणा झाल्या. शोधित क्यूटी ४८० मिलिसेकंद किंवा अधिक असल्यास ३ गुण, ४६० ते ४७९ असल्यास २ आणि पुरुषांत ४५० ते ४५९ असल्यास १ गुण देतात. व्यायामानंतरच्या विश्रांतीच्या चौथ्या मिनिटास तो ४८० किंवा अधिक भरल्यास १ गुण, तोर्साद द प्वांत आढळल्यास २ गुण, टी तरंग आलटून-पालटून बदलत असल्यास १, तो तीन आलेखांत खाचदार असल्यास १ आणि वयाच्या मानाने नाडी मंद असल्यास अर्धा गुण धरतात. परिश्रम वा क्षोभ यांमुळे आलेल्या मूर्च्छेस २, इतर मूर्च्छेस १ व जन्मजात बधिरतेस अर्धा गुण असतो. कुटुंबात निश्चित निदान झालेली व्यक्ती असल्यास १ आणि जवळच्या नातेवाइकास वयाच्या तीस वर्षांच्या आत अकारण आकस्मिक मृत्यू आला असल्यास अर्धा गुण मिळतो. एकूण ३·५ किंवा अधिक गुण झाल्यास विकाराची शक्यता दाट, १·५ ते ३ झाल्यास मध्यम आणि १ पर्यंत असल्यास अल्प मानतात. माइसनर यांनी नोंदविलेल्या बाबींपैकी एकही या यादीतून वगळलेली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हे निकष वापरणाऱ्याच्या कौशल्यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. टी तरंगाचा शेवट नेमका कोठे होतो, हे ठरविणे अवघड असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षेत दिलेल्या सर्व आलेखांचे दीर्घ किंवा प्राकृत असे अचूक वर्गीकरण क्यूटी या विषयाच्या खास तज्ज्ञांपैकी ९६ टक्क्यांना व तालविकारतज्ज्ञांपैकी ६२ टक्क्यांना करता आले. परंतु सर्वसाधारण हृद्‌रोगतज्ज्ञ व इतर वैद्य यांत हे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी होते. आलेख काढणारे यंत्र स्वतःच कालावधी छापून देते. तथापि तो आकडा हाताने मोजून पडताळणे इष्ट असते.

जीनांचा शोध : अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्क कीटिंग व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासावरून विकाराचे स्थान अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९५ मध्ये सातव्या गुणसूत्रावरील केसीएनएच२ व तिसऱ्या गुणसूत्रावरील एससीएन५ए आणि १९९६ मध्ये अकराव्या गुणसूत्रावरील केसीएनक्यू१ हे जीन निश्चित झाले. केसीएनक्यू१ (प्रकार १) व केसीएनएच२ (प्रकार २) पोटॅशियम मार्गांची आणि एससीएन५ए (प्रकार ३) सोडियम मार्गाची प्रथिने घडवितात. १९९७ मध्ये बधिरतेचे कोडेही उलगडले. केसीएनक्यू१ किंवा त्याच्याशी संलग्न केसीएनई१ या जीनांचा पोटॅशियम मार्ग हृदयाप्रमाणेच अंतर्कर्णातही असतो आणि तेथील पोटॅशियमयुक्त द्रव निर्माण करतो. एक जीन सदोष असल्यास हा द्रव पुरेसा तयार होतो. दोन्ही जीन सदोष असल्यास होत नाही व मूल जन्मतः बधिर राहते. १९५७ व १९६४ मध्ये दोन वेगळ्या वाटलेल्या विकारांचे मूळ अशा रीतीने एकच ठरले. [⟶ आनुवंशिकी].

प्रकारानुसार फलानुमान : जीन कळल्यामुळे झटका कोणत्या प्रसंगी येण्याचा संभव आहे, हे सांगता येऊ लागले. ६७० रोग्यांच्या २००१ मधील अभ्यासात प्रकार १ मध्ये ६२ टक्के झटके व्यायामाच्या वेळी आले होते व केवळ ३ टक्के विश्रांती किंवा निद्रेत. या प्रकारात पोहणे विशेष धोक्याचे असते. प्रकार २ मध्ये ४३ टक्के झटके भावनिक क्षोभाच्या वेळी आले. झोपेतून गजराच्या घड्याळाने किंवा दूरध्वनीच्या आवाजाने दचकून उठणे हे यातील वैशिष्ट्यपूर्ण निमित्त होय. प्रकार ३ मध्ये ३९ टक्के झटके झोपेत वा विश्रांतीत आले. बीटा-रोधक औषधे प्रकार १ मध्ये सर्वांत गुणकारी असतात. प्रकार ३ मध्ये सोडियम मार्ग रोखणाऱ्या मेक्सिलेटीन या औषधाने क्यूटी कमी होतो, असे १९९५ मध्ये दिसून आले.

वय व लिंग यांचाही प्रभाव पडतो. प्रकार १ मधील मुलग्यांना पौगंडावस्थेपूर्वी अधिक धोका असतो. पुढे तो घटतो. प्रकार २ मधील स्त्रियांना प्रौढ वयात व विशेषतः प्रसूतीनंतरच्या सुमारे नऊ महिन्यांत अधिक धोका असतो. म्हणून या काळात औषध बंद करू नये. इटलीतील सिल्व्हिया प्रिओरी व सहकाऱ्यांनी ६४७ रोग्यांच्या आधारे २००३ मध्ये जीनप्रकार, लिंग व क्यूटी कालावधी यांच्या संयोगावरून धोक्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यांत शोधित क्यूटी ५०० मिलिसेकंद किंवा अधिक असणे ही मोठ्या धोक्याची खूण ठरली. येर्व्हेल-लांगे-नील्सेन प्रकार सर्वांत उग्र असतो. १८६ रोग्यांच्या २००६ मधील अभ्यासात ८६ टक्क्यांना झटके आले होते व निम्म्यांना ते तीन वर्षे वयाच्या आतच सुरू झाले होते. बीटा-रोधकांचे संरक्षणही त्यांना अपुरे पडते. अशा रोग्यांत, तसेच एकदा हृदय बंद पडून वाचलेल्यांत, स्वयंचलित तंतुकंपनरोधक यंत्र त्वचेखाली बसवितात. मिशेल मिरॉव्हस्की यांच्या कल्पनेतून साकारलेले हे यंत्र अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९८० मध्ये प्रथम मानवी शरीरात बसविण्यात आले.

जीनचाचणीच्या मर्यादा : सदोष जीन असूनही क्यूटी कालावधी प्राकृत असलेल्या व्यक्ती बऱ्याच आढळतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जन्मापासून चाळीस वर्षांपर्यंत हृदय बंद पडण्याचा किंवा आकस्मिक मृत्यूचा धोका अशा व्यक्तींत ४ टक्के, दीर्घ क्यूटी असलेल्यांत १५ टक्के व निर्दोष नातेवाइकांत ०·४ टक्के होता. म्हणजे प्राकृत आलेखामुळे धोका घटतो, परंतु नाहीसा होत नाही. उलट, एकच जीनदोष असलेल्या व्यक्तींचेही फलानुमान सारखे नसते. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या एकाच पूर्वजापासून आलेल्या अनेक कुटुंबांत केसीएनक्यू१ जीनातील एकच उत्परिवर्तन आढळते. तरीही त्यांपैकी काहींना बालपणीच झटके येतात, तर काही वृद्धापकाळापर्यंत लक्षणरहित राहतात. इतर जीनांचा व मंद नाडीसारख्या गुणधर्मांचा त्यात वाटा असल्याचे दिसून आले आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्मूल्यमापनात या विकाराशी जोडलेले सतरा जीन पुन्हा तपासण्यात आले. नेहमीच्या स्वरूपाच्या विकारासाठी वर उल्लेखिलेले तीनच जीन निर्विवाद ठरले. निम्म्याहून अधिक जीनांबाबतचा पुरावा अपुरा किंवा विवाद्य आढळला. यास्तव अशा संशयास्पद जीनांवर आधारून पूर्वी केलेल्या निदानांचा फेरविचार करणे भाग पडले. निरोगी व्यक्तीस रोगी ठरविणे हाही निदानातील दोषच होय; कारण त्यामुळे आयुष्यभराची औषधे, खेळावरील बंधने व विवाहविषयक चिंता विनाकारण वाट्यास येतात.

प्रतिबंध : पुनर्ध्रुवीकरण लांबविणारी काही औषधे या विकारात घातक ठरतात. अधिहर्षतेवरील (ॲलर्जीवरील) टरफेनाडीन हे औषध याच कारणास्तव अमेरिकेत १९९८ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. काही प्रतिजैव औषधे व मनोविकारांवरील औषधे यांबाबतही सावधगिरी बाळगावी लागते. रेच व उलट्या यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटल्यास धोका वाढतो. इटलीतील सुमारे ३३ हजार अर्भकांच्या १९९८ मधील अभ्यासात अर्भकावस्थेतील आकस्मिक मृत्यूने दगावलेल्या २४ बालकांपैकी १२ जणांचा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातील क्यूटी कालावधी लांबलेला असल्याचे आढळले. यावरून सर्व नवजात अर्भकांचा विद्युत् हृल्लेख काढावा असे एक मत आहे. तथापि खर्च व चुकीने सदोष ठरणाऱ्या आलेखांची संख्या यांमुळे ते सर्वत्र मान्य झालेले नाही.

एका व्यक्तीत निदान झाल्यावर तिचे आईवडील, भावंडे व अपत्ये यांची तपासणी करणे हा उपचाराचाच भाग समजतात. कारण लक्षणे दिसण्यापूर्वी औषध सुरू झालेल्यांचे फलानुमान सर्वांत चांगले असते. बीटा-रोधक नियमित घेणे, वर्ज्य औषधे टाळणे व तज्ज्ञाच्या सल्ल्याने व्यायामाची मर्यादा ठरविणे एवढ्यावर बहुतेक रोग्यांचे भागते. औषधाच्या मात्रा चुकविणे हे उपचार चालू असतानाही झटका येण्याचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळून आले आहे. घरातील एखादे मूल किंवा तरुण अकारण अचानक गेल्याची हकीकत वैद्यास आवर्जून सांगावी व वैद्यानेही ती विचारून घ्यावी. लाइपसिकच्या मुलीच्या आईवडिलांना जे ठाऊक होते, ते कळविण्याजोगे आहे हे त्यांना सांगणारे त्या काळी कोणी नव्हते; आज त्या माहितीवरून उरलेली भावंडे वाचविता येतात.